सैनिकांच्या औषधपाण्याचा पैसा कोणत्या खात्यात मांडायचा?

२७ जुलै २०२२ रोजी अमेरिकेच्या सिनेटमध्ये झालेले एक मतदान बाहेरून पाहणाऱ्याला चक्रावून टाकणारे होते. इराक आणि अफगाणिस्तानच्या लष्करी तळांवर कचरा जाळण्याच्या उघड्या खड्ड्यांमधून निघणारा धूर ज्यांनी महिनोन्‌महिने छातीत घेतला, त्या सैनिकांच्या आजारांवरील उपचारांची आणि भरपाईची तरतूद करणारे ‘पॅक्ट’ विधेयक सहा आठवड्यांपूर्वी याच सभागृहात ८४ विरुद्ध १४ मतांनी संमत झाले होते. कराशी संबंधित एका किरकोळ कलमाच्या तांत्रिक अडचणीमुळे ते प्रतिनिधीगृहाकडे जाऊन परत आले. ते कलम गळले होते, बाकी मजकूर तोच होता. तरीही या वेळी त्याला ५५ विरुद्ध ४२ अशी मते पडली आणि चर्चा संपवून पुढे जाण्यासाठी लागणारा साठ मतांचा टप्पा गाठता आला नाही. जूनमध्ये हात वर करणाऱ्या पंचवीस रिपब्लिकन सदस्यांनी जुलैमध्ये नकार दिला होता.

त्यानंतरचे पाच-सहा दिवस माजी सैनिक आणि त्यांचे कुटुंबीय कॅपिटॉलच्या पायऱ्यांवर ठाण मांडून बसले. विनोदवीर जॉन स्टुअर्ट यांनी कॅमेऱ्यांसमोर सिनेटरांना जे सुनावले ते सगळीकडे पसरले, आणि २ ऑगस्टला तेच विधेयक ८६ विरुद्ध ११ मतांनी मंजूर झाले. १० ऑगस्टला अध्यक्ष बायडेन यांनी त्यावर सही केली. ज्यांच्या नावाने हा कायदा ओळखला जातो ते सार्जंट हीथ रॉबिन्सन फुप्फुसाच्या कर्करोगाने २०२० मध्येच गेले होते.

या प्रकरणाची जी गोष्ट लोकांच्या लक्षात राहिली ती सरळ आहे: राजकारण्यांनी सैनिकांना ओलीस धरले, लोकांनी त्यांना लाज आणली. ही गोष्ट खोटी नाही. पण तिच्यात नेमका कशावरून वाद झाला तेच हरवते. पेनसिल्व्हेनियाचे रिपब्लिकन सिनेटर पॅट टूमी यांनी जूनमध्येही विधेयकाला विरोध केला होता आणि त्यांचा आक्षेप रकमेवर नव्हता. नव्या लाभांसाठी दहा वर्षांत लागणारे सुमारे २८० अब्ज डॉलर आपण मान्य करू, असे ते सांगत होते. त्यांना खटकत होती ती दुसरीच रक्कम, सुमारे ४०० अब्ज डॉलरची, जी सैनिकांच्या उपचारांवर आधीपासूनच खर्च होणार होती आणि जी या विधेयकाने अर्थसंकल्पाच्या एका रकान्यातून उचलून दुसऱ्या रकान्यात ठेवता येणार होती.

माझ्या मते सैनिकांच्या आरोग्यसेवेवरचा अमेरिकेतला वाद कळण्यासाठी हे दोन रकाने कळणे पुरेसे आहे. सैनिकांच्या विरोधात मत देणे तिथे कोणत्याच पक्षाला परवडत नाही, त्यामुळे ‘द्यायचे की नाही’ हा प्रश्न उघडपणे कधी मतदानाला येतच नाही. तो येतो हिशेबाच्या वेषात: पैसा कोणत्या खात्यात दाखवायचा, आणि कोणाच्या हातून खर्च करायचा.

पहिला रकाना अनिवार्य खर्चाचा. एकदा कायद्याने हक्क दिला की पात्र माणसाला पैसे द्यावेच लागतात, मग त्या वर्षी किती जण पात्र ठरले याला मर्यादा नसते. सेवेमुळे आलेल्या अपंगत्वाची मासिक भरपाई या रकान्यात बसते. दुसरा रकाना विवेकाधीन खर्चाचा, म्हणजे काँग्रेस (अमेरिकेची संसद) दरवर्षी विनियोजन विधेयकांतून जो मंजूर करते तो. संरक्षण, शिक्षण, संशोधन, राष्ट्रीय उद्याने अशा सगळ्यांशी त्याला एकाच मर्यादेखाली भांडावे लागते. माजी सैनिकांची आरोग्यसेवा मुळात या दुसऱ्या रकान्यातली आहे. अनेक अमेरिकनांनाही हे ठाऊक नसते. वृद्धांसाठीच्या मेडिकेअरचा रुग्ण पात्र ठरला की त्याचे बिल भरलेच जाते. सैनिकाच्या उपचाराबाबत मात्र कायदा सांगतो की, तो त्या वर्षी विनियोजनातून मंजूर झालेल्या रकमेच्या मर्यादेतच द्यायचा. युद्धात पाय गमावल्याबद्दलचा धनादेश हा हक्क आहे आणि त्या पायावरचे उपचार हा वर्षागणिक नूतनीकरण होणारा शब्द आहे, असा हा काहीसा विचित्र संसार आहे.

याचा अर्थ पैसा कमी पडताच कोणाला दवाखान्याबाहेर काढतात असा नव्हे. तशी वेळ आलीच तर दार कोणासाठी आधी अरुंद करायचे याची व्यवस्था १९९६ च्या कायद्याने करून ठेवली आहे. नोंदणी केलेल्या सैनिकांचे आठ प्राधान्यगट आहेत. सेवाजन्य अपंगत्व पन्नास टक्के किंवा त्याहून अधिक असलेले पहिल्या गटात, आणि सेवेशी संबंधित अपंगत्व नसलेले, उत्पन्न मर्यादेपेक्षा जास्त असलेले आठव्या गटात. जानेवारी २००३ मध्ये माजी सैनिकांचा कारभार पाहणाऱ्या खात्याचे तेव्हाचे मंत्री अँथनी प्रिन्सिपी यांनी आठव्या गटाची नवी नोंदणी थांबवली. रांगा वाढत होत्या, पैसा वाढत नव्हता. इराकवर स्वारी व्हायला तेव्हा दोन महिने उरले होते, हा योगायोग त्या वेळच्या टीकाकारांनी सोडला नाही. पुढे २००९ मध्ये ती अट थोडी सैल झाली, पण आठव्या गटातल्या बऱ्याच जणांसाठी ते दार आजही बंद आहे.

२००९ मध्येच एक चांगली सुधारणा झाली, जिच्यावर बातम्या फारशा झाल्या नाहीत. अमेरिकेची विनियोजन विधेयके वेळेवर संमत होणे हा अपवाद आहे. १ ऑक्टोबरला आर्थिक वर्ष सुरू होते आणि तोपर्यंत काम झालेले नसले की आपल्याकडच्या लेखानुदानाच्या जवळ जाणारी तात्पुरती सोय करून गाडा हाकला जातो, किंवा सरकारचे कामकाज बंद पडते. रुग्णालयाच्या प्रमुखाला नवी परिचारिका नेमायची की नाही हे ठरवता येत नसे, कारण पुढच्या तिमाहीत हातात किती असेल तेच माहीत नसे. सैनिक संघटनांनी वर्षानुवर्षे लावून धरल्यावर आरोग्यसेवेच्या मुख्य खात्यांसाठी एक वर्ष आधीच तरतूद करण्याचा कायदा झाला. ऑक्टोबर २०१३ मध्ये सरकार बंद पडले तेव्हा या रुग्णालयांचे दिवे चालू राहिले ते त्यामुळे. भरपाईच्या दाव्यांचे काम मात्र अडखळले, कारण ते या संरक्षणात नव्हते, आणि ती उणीव पुढच्या वर्षी भरून काढली गेली. २०२५ च्या शरदात त्रेचाळीस दिवस चाललेल्या बंदमध्येही रुग्णालये सुरू होती. माझ्या मते गेल्या पंधरा-वीस वर्षांतल्या या क्षेत्रातल्या सगळ्या कायद्यांत हा सर्वांत शहाणा कायदा. त्यात एकही नवा डॉलर नव्हता, फक्त तो कधी येणार हे आधी कळण्याची हमी होती.

पण एका वर्षाची हमी कुठवर पुरणार? युद्ध संपल्यावर त्याचे बिल चुकते होत नाही, ते तिथून चढू लागते. अर्थतज्ज्ञ लिंडा बिल्म्स यांनी दाखवून दिले आहे की, पहिल्या महायुद्धातील सैनिकांवरचा भरपाईचा खर्च शिखरावर पोहोचला तो १९६९ मध्ये, म्हणजे युद्धविराम होऊन अर्धशतक उलटल्यावर. २००१ नंतरच्या युद्धांतील सैनिकांची देखभाल आणि भरपाई यांवर २०५० पर्यंत २.२ ते २.५ लाख कोटी डॉलर लागतील, असा त्यांचा २०२१ मधला अंदाज होता. आणि या शेपटाची लांबी पाहायची तर आयरीन ट्रिपलेट यांचे उदाहरण आहे. १८६१ ते १८६५ च्या यादवी युद्धात लढलेल्या सैनिकाची ही मुलगी दरमहा ७३ डॉलर १३ सेंट निवृत्तिवेतन घेत होती, आणि ती वारली २०२० मध्ये. (तिचे वडील आधी दक्षिणेच्या सैन्यात होते, तिथून पळून उत्तरेकडे गेले, तसे केले नसते तर हे निवृत्तिवेतन नसते.)

तेव्हा खर्च वाढतो आहे आणि सैनिक कमी होत आहेत, या आकड्यांत विरोधाभास नाही. २००० च्या सुमारास अमेरिकेत २ कोटी ६० लाख माजी सैनिक होते, आज सुमारे १ कोटी ८० लाख आहेत. त्यांच्यासाठीच्या खात्याचा अर्थसंकल्प मात्र २००१ मध्ये ४५ अब्ज डॉलरच्या आसपास होता तो २०२३ मध्ये ३०० अब्जांच्या पुढे गेला. काटकसरवादी मंडळी हे दोन आकडे शेजारी ठेवून उधळपट्टीचा आरोप करतात, आणि तो आरोप सगळाच पोकळ म्हणता येणार नाही. इतक्या मोठ्या खात्यात गैरव्यवस्था आणि अनागोंदी नसेल असे कोण म्हणेल? या कुळाचा पहिलाच पुरुष तसा होता. पहिल्या महायुद्धानंतर स्थापन झालेल्या व्हेटरन्स ब्यूरोचा पहिला संचालक चार्ल्स फोर्ब्स रुग्णालयांचा माल मातीमोलाने विकण्याच्या आणि बांधकामांतल्या कंत्राटांच्या प्रकरणात तुरुंगात गेला. पण खर्चवाढीचे मुख्य कारण चोरी नाही. व्हिएतनामचा सैनिक आता पंचाहत्तरी ओलांडतो आहे, नव्या युद्धांतले जखमी पूर्वी जिथे मेले असते तिथे वाचले आहेत, आणि कोणता आजार सेवेमुळे झाला हे ठरवण्याची पद्धत बदलली आहे.

त्या पद्धतीकडे थोडे थांबून पाहिले पाहिजे, कारण सगळा पैसा तिथून वाहतो. सामान्य नियम असा की, आजार सेवेमुळे झाला हे सैनिकाने सिद्ध करायचे. गोळी लागली असेल तर ते सोपे. पण व्हिएतनामच्या जंगलावर १९६२ ते १९७१ या काळात फवारलेल्या एजंट ऑरेंजमुळे वीस वर्षांनी झालेला कर्करोग त्या फवाऱ्यानेच झाला हे एकट्यादुकट्या माणसाने कसे सिद्ध करायचे? १९९१ च्या कायद्याने सरकारने पुराव्याचा भार उलटवला: अमुक काळात अमुक ठिकाणी होता आणि तमुक आजार झाला, तर संबंध गृहीत धरायचा. गृहीत धरण्याची ही यादी जसजशी वाढते तसतसा खर्च वाढतो, म्हणून यादीतली प्रत्येक नवी ओळ ही एक राजकीय लढाई असते. किनाऱ्यापासून दूर जहाजांवर तैनात असलेल्या नौसैनिकांना या यादीत घेणारे विधेयक डिसेंबर २०१८ मध्ये माइक एन्झी आणि माइक ली या दोन सिनेटरांनी खर्चाचे कारण देऊन अडवले. २०१९ मध्ये ते झाले, पण पैसा कुठून आणला? माजी सैनिकांना मिळणाऱ्या सरकारी हमीच्या गृहकर्जांवरचे शुल्क वाढवून. एका सैनिकाच्या कर्करोगाची भरपाई दुसऱ्या सैनिकाच्या घराच्या हप्त्यातून काढण्याला दोन्ही पक्षांनी वित्तीय शिस्त म्हटले. मला ती शिस्त वाटत नाही.

पॅक्ट कायद्याने ही यादी एका फटक्यात इतकी लांबवली की आधीच्या कोणत्याही कायद्याशी तिची तुलना होत नाही. दमा, नाकाच्या सायनसचे जुनाट विकार, श्वसनसंस्थेचे आणि इतर अनेक कर्करोग, व्हिएतनामवाल्यांसाठी उच्च रक्तदाब. मे २०२४ पर्यंत या कायद्याखाली दहा लाखांहून अधिक दावे मंजूर झाले, आणि त्याआधीच्या एका वर्षात चार लाखांहून अधिक माजी सैनिकांनी आरोग्यसेवेत नव्याने नाव घातले. इतका ओघ विवेकाधीन रकान्यात सोडला असता तर वार्षिक मर्यादेखाली बाकीची सगळी खाती दबली असती, किंवा मर्यादा राखण्यासाठी सैनिकांचे उपचार दबले असते. म्हणून विधेयकाने एक वेगळा निधी उभा केला, विषारी द्रव्यांच्या संपर्काचा. त्यात रक्कम दरवर्षीच टाकायची, पण हिशेबात ती अनिवार्य धरायची, म्हणजे ती मर्यादेत मोजली जाणार नाही.

टूमी यांचा आक्षेप इथे होता. नव्या रुग्णांचा खर्च या निधीत आला तर ठीक. पण जुन्या, आधीच चालू असलेल्या उपचारांचा खर्चही इथे सरकवला तर विवेकाधीन रकान्यात तेवढी जागा मोकळी होते, आणि ती जागा सैनिकांशी काही संबंध नसलेल्या कामांनी भरता येते. डेमोक्रॅट म्हणत होते की निधीतला डॉलर फक्त सैनिकांवरच खर्च होणार आहे. दोघेही खरे बोलत होते, कारण दोघे वेगवेगळ्या डॉलरबद्दल बोलत होते. माझे मत विचाराल तर टूमी यांचा मुद्दा तांत्रिकदृष्ट्या बिनतोड होता आणि त्यांच्या पक्षाने तो वापरला तो वेळ मात्र अत्यंत संशयास्पद होता. ज्या दिवशी डेमोक्रॅट सिनेटर शूमर आणि मॅनचिन यांनी हवामान आणि करांवरच्या मोठ्या विधेयकाबद्दल समझोता जाहीर केला, त्याच दिवशी पंचवीस जणांना हा रकाना आठवला. जूनमध्ये तो तिथेच होता.

आता थोडे मागे, २०१४ मध्ये. फिनिक्स इथल्या सैनिक रुग्णालयात प्रतीक्षेच्या खऱ्या याद्या लपवून वरिष्ठांना सुबक आकडे दाखवले जात असल्याचे उघड झाले, चौकशीत तोच प्रकार इतरत्रही सापडला, आणि ३० मे रोजी खातेमंत्री एरिक शिन्सेकी यांना राजीनामा द्यावा लागला. त्यातून ‘चॉइस’ कायदा झाला, तो घडवणारी जोडी होती डावे सिनेटर बर्नी सँडर्स आणि रिपब्लिकन सिनेटर जॉन मॅकेन. सरकारी रुग्णालयापासून चाळीस मैलांपलीकडे राहणारा किंवा तीस दिवसांत वेळ न मिळालेला सैनिक खाजगी डॉक्टरकडे जाऊ शकेल, बिल खाते भरेल. त्यासाठी दहा अब्ज डॉलर दिले, आणि खात्याच्या स्वतःच्या डॉक्टर-परिचारिकांच्या भरतीसाठी व इमारतींसाठी पाच अब्ज. या प्रमाणातच पुढच्या दशकाचे भांडण लिहून ठेवले होते.

२०१८ मध्ये ‘मिशन’ कायद्याने ही तात्पुरती सोय कायम केली. पुढच्या वर्षी लागू झालेल्या नियमांत अंतराऐवजी गाडीने लागणारा वेळ धरला: साध्या उपचारांसाठी तीस मिनिटे, तज्ज्ञांसाठी साठ. त्या वेळी एक गोष्ट घडली जी पॅक्टच्या गदारोळात कोणालाच आठवली नाही. चॉइसचा पैसा अनिवार्य होता. मिशनने बाहेरच्या उपचारांचा खर्च विवेकाधीन रकान्यात आणून मर्यादेखाली बसवला. सिनेटच्या विनियोजन समितीचे रिपब्लिकन अध्यक्ष रिचर्ड शेल्बी आणि त्यांचे डेमोक्रॅट सहकारी पॅट्रिक लेही या दोघांनी त्यासाठी मर्यादेबाहेर जागा मागितली. व्हाइट हाउसने विरोध केला. म्हणजे चार वर्षांच्या अंतराने अब्जावधी डॉलर आधी एका दिशेने आणि मग उलट दिशेने रकाना ओलांडून गेले. रांगेत बसलेल्या सैनिकाला त्याचा पत्ताही लागला नसेल.

बाहेर पाठवण्याच्या बाजूने जे सांगितले जाते त्यातला मोठा भाग मला पटतो. मोंटानाच्या एखाद्या खेड्यातल्या सत्तरीच्या माणसाला डोळ्यांच्या तपासणीसाठी दोनशे मैल गाडी हाकायला लावणे ही क्रूरताच आहे. अडचण पुढे येते. रुग्णालयाचा बराचसा खर्च स्थिर असतो. शस्त्रक्रियागृह, रात्रपाळीचे कर्मचारी, भूल देणारा डॉक्टर हे तीस टक्के रुग्ण बाहेर गेल्याने तीस टक्क्यांनी स्वस्त होत नाहीत. बाहेरचे बिल वाढते, आतले घटत नाही, आणि दोन्ही एकाच तरतुदीतून भरायचे असल्यामुळे आतली भरती थांबते. भरती थांबली की आतली रांग लांबते, रांग लांबली की नियमाने आणखी रुग्ण बाहेर जाण्यास पात्र ठरतात. खात्याने नेमलेल्या तज्ज्ञांच्या एका गटाने २०२४ मध्ये नेमका हाच इशारा दिला. २०१८ ते २०२३ या पाच वर्षांत बाहेरच्या उपचारांवरचा खर्च जवळपास दुप्पट झाला होता. या घसरणीसाठी कोणी ‘खाजगीकरण करा’ असा ठराव मांडण्याची गरज उरत नाही. ट्रम्प यांच्या पहिल्या कारकीर्दीतले खातेमंत्री डेव्हिड शुल्किन यांनी २०१८ मध्ये पद गेल्यावर वृत्तपत्रात लिहिले होते की, खाजगीकरण हवे असलेल्यांना आपण अडथळा वाटत होतो. जुन्या सैनिक संघटना, अमेरिकन लीजन, व्हेटरन्स ऑफ फॉरेन वॉर्स या साधारणपणे सरकारी रुग्णालये टिकवण्याच्या बाजूच्या. कोक बंधू या उजव्या विचारांच्या धनाढ्य उद्योगपतींच्या जाळ्यातून पैसा मिळणारी ‘कन्सर्न्ड व्हेटरन्स फॉर अमेरिका’ निवडीच्या स्वातंत्र्याच्या बाजूची. पुढे ट्रम्प यांचे संरक्षणमंत्री झालेले पीट हेगसेथ यांनी एकेकाळी याच संघटनेचे नेतृत्व केले होते.

गुणवत्तेचा प्रश्न यात फार घोळवला जातो, पण तो तितका वादग्रस्त नाही. बहुतेक अभ्यासांत सरकारी सैनिक रुग्णालये सुरक्षितता आणि उपचारांच्या दर्जात खाजगी रुग्णालयांच्या बरोबरीची किंवा सरस ठरली आहेत. १९४६ पासून ती वैद्यकीय महाविद्यालयांशी जोडलेली आहेत आणि अमेरिकेतल्या बहुसंख्य डॉक्टरांनी शिक्षणाचा काही काळ तिथे घालवलेला असतो. ती मोडकळीस आली तर फटका फक्त सैनिकांना बसणार नाही.

मग आकड्यांची लढाई. एप्रिल २०२३ मध्ये कर्जमर्यादेवरच्या वादात रिपब्लिकन बहुमताच्या प्रतिनिधीगृहाने विवेकाधीन खर्चाला कात्री लावणारे विधेयक २१७ विरुद्ध २१५ मतांनी संमत केले. त्यात सैनिकांचे नाव कुठेच नव्हते, वगळलेलेही नव्हते. खात्याने लगेच हिशेब मांडला की २२ टक्के कपात झाली तर बाह्यरुग्णांच्या तीन कोटी भेटी कमी होतील. रिपब्लिकन म्हणाले, हे धादांत खोटे आहे, आम्ही सैनिकांना हात लावणार नाही. विधेयकात एक ओळ घातली असती तर प्रश्न मिटला असता, पण ती घातली तर बाकीच्यांवरची कात्री किती खोल जाईल हे दिसले असते. जुलै २०२४ मध्ये पारडे फिरले. खात्याने सांगितले की भरपाईसाठी जवळपास तीन अब्ज डॉलर तातडीने हवेत, नाहीतर १ ऑक्टोबरचे धनादेश अडकतील, आणि पुढच्या वर्षीच्या उपचारांसाठी आणखी बारा अब्ज लागतील. काँग्रेसने सप्टेंबरमध्ये पहिली रक्कम घाईने मंजूर केली. वर्षअखेरीस हिशेब लागला तेव्हा त्या तीन अब्जांची गरजच पडली नव्हती असे निघाले, आणि बारा अब्जांचा आकडाही बराच खाली आला. यात कोणी जाणूनबुजून फसवले असे मला वाटत नाही. नव्या कायद्याने किती माणसे येतील याचा अंदाज बांधणे खरोखर अवघड होते आणि धनादेश थांबण्यापेक्षा जास्त मागणे कोणालाही सोपे वाटले असते. पण पुढच्या खऱ्या तुटीच्या वेळी या खात्यावर कोण विश्वास ठेवील?

सैनिकांच्या पैशाला उघडपणे हात घालणाऱ्याचे काय होते याचा धडा फार जुना आहे. मार्च १९३३ मध्ये, मंदीच्या तळाला, फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी काटकसर कायदा करून माजी सैनिकांचे लाभ मोठ्या प्रमाणात कापले. निव्वळ गणवेश घातला म्हणून कोणी इतर नागरिकांहून वेगळा लाभार्थी ठरू नये, असे त्यांनी अमेरिकन लीजनच्या अधिवेशनात जाऊन तोंडावर सांगितले. हे धाडस आज कोणताही अध्यक्ष करणार नाही. वर्षभरात त्यांच्याच पक्षाच्या काँग्रेसने त्यांचा नकाराधिकार मोडून त्या कपातीचा मोठा भाग रद्द केला.

२०२५ मध्ये म्हणूनच कात्री लाभांवर न चालता माणसांवर चालली. मार्चमध्ये खात्यातून सुमारे ऐंशी हजार कर्मचारी कमी करून संख्या २०१९ च्या पातळीवर आणण्याचे उद्दिष्ट फुटले. संघटनांनी आणि दोन्ही पक्षांच्या काही सदस्यांनी आवाज उठवला, आणि जुलैमध्ये खातेमंत्री डग कॉलिन्स यांनी सांगितले की सरसकट कपात होणार नाही, राजीनामे आणि निवृत्तीतून तीस हजार जागा कमी होतील. लाभ अबाधित आहेत, असे प्रत्येक वेळी सांगितले गेले. पॅक्टनंतर वाढलेल्या गर्दीपुढे जागा सोडून जाणारी परिचारिका कोणत्या रकान्यात धरायची, हे कोणी सांगितले नाही.

आणि तो वादग्रस्त निधी? २०२५ या आर्थिक वर्षासाठी त्यात सुरुवातीला सुमारे साडेचोवीस अब्ज डॉलर मंजूर झाले होते. २०२६ साठी ट्रम्प प्रशासनाने मागितले ५२.७ अब्ज, त्या मूळ रकमेच्या दुपटीहून अधिक. टूमी जानेवारी २०२३ मध्येच सिनेटमधून निवृत्त झाले. त्यांनी ज्या पळवाटेबद्दल इशारा दिला होता तिच्यातून आता त्यांच्याच पक्षाचे सरकार गाडी नेते आहे, आणि ज्या डेमोक्रॅटांनी ती वाट बांधली त्यांना तिच्यावर टीका करणे जड जाते आहे. दम्याच्या रुग्णाचा दमा खड्ड्यातल्या धुराचा किती आणि वयाचा किती हे वेगळे काढण्याची पद्धत कायद्यात नीट घालून दिलेलीच नाही, त्यामुळे कोणते बिल या निधीत टाकायचे हे बरेचसे खात्याच्या अंदाजावर चालते. माझी मागणी असती तर ती एवढीच असती की, या निधीतून दरवर्षी किती रक्कम २०२२ नंतर नव्याने पात्र ठरलेल्यांवर गेली आणि किती आधीपासून उपचार घेणाऱ्यांवर, हे दोन आकडे वेगळे छापावेत. ते छापले तर दोन्ही पक्षांना अवघड जाईल, आणि बहुधा त्यामुळेच ते विधेयक कोणी मांडलेले माझ्या पाहण्यात नाही.